वाचून दाखवला, बरोबर आहे

सुदाम कोतवालानं एकदा माझा खोकला तीन गावांत पोचता केला होता.

मी तेव्हा तलाठी होतो. मारेगाव आणि पांढरकवड्याच्या मधल्या डोंगरपट्ट्यातला सजा माझ्याकडे होता. सजा म्हणजे एका तलाठ्याच्या हाताखालची पाच-सहा गावं. कोतवाल म्हणजे तलाठ्याचे हातपाय. नोटिसा पोचवायच्या, माणसं बोलावून आणायची, दवंडी द्यायची, पंच म्हणून उभं राहायचं. सुदाम भगत हे सगळं माझ्या आधीच्या चार तलाठ्यांपासून करत आला होता. त्याला वाचता येत नव्हतं. लहानपणी शाळेत गेला होता म्हणे, पण पुढं ढोरांमागं हिंडता हिंडता अक्षरं कुठं तरी गळून गेली.

म्हणून त्याची एक पद्धत होती. कागद हातात घेतला की माझ्या टेबलासमोर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "वाचा जी."

मी एकदाच वाचायचो. त्याला दुसऱ्यांदा लागायचं नाही. मग ज्याच्या नावाची नोटीस असेल त्याच्या दारात उभं राहून तो कागद त्याच्या हातात द्यायचा आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तोंडानं म्हणून दाखवायचा. 'अन्वये', 'उपरोक्त', 'कसूर केल्यास' सकट. मी एकदा म्हटलं, "अरे, कागद दिला की झालं. कायले इतकं?"

"कागदाले मानूस घाबरते, साहेब. तोंडानं सांगतलं का थोडं कमी घाबरते."

एका हिवाळ्यात मला खोकला झाला होता आणि मी त्याला सभेची नोटीस वाचून दाखवली. सभेच्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ उठून आधी माझी तब्येत विचारू लागले. मी म्हटलं, "काहून? मला काय झालं?"

"सुदाम नोटीस सांगत होता तं मधात दोन डाव खोकलला. म्या म्हनलं, बावा, खोकला झाला का तुले? तं म्हने, माह्या नोहे, साहेबाचा होय."

सगळी सभा हसली. मीही हसलो. सुदाम दाराशी उभा होता, तो नाही हसला. त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. जसं मिळालं तसं त्यानं पोचवलं होतं.

तो पळायचा. म्हणजे त्याला पळणं म्हणायचं की नाही, मला ठरवता आलं नाही. गुडघे फार उचलायचा नाही, पाऊल जमिनीला जवळजवळ घासत जायचं, आणि ती एक चाल चढावर आणि उतारावर सारखीच. घाटातली पाच गावं तो दुपारच्या जेवणाआधी उरकून यायचा. कोणत्या तरी योजनेतली सायकल त्याला मिळाली होती. आठ दिवस तिला घाटात ढकलत नेली, ढकलत आणली आणि मग शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवली. "इचीच चाकरी कराव लागते," म्हणाला. पळायला लागायच्या आधी चपला काढून कमरेच्या पट्ट्यात खोचायचा. पानठेल्यावरची पोरं ओरडायची, "काय सुदामभाऊ, मांगं कुत्रं लागलं का?"

"कुत्रं परवडलं रे. मांगं तहसील लागली हाय."

दवंडीला तो ढोल घ्यायचा नाही, शिट्टी घ्यायचा. खेळाच्या मास्तराची असते तसली, दोरीत ओवलेली. माझ्या आधीच्या एका तलाठ्यानं त्यावरून वर तक्रार केली होती. सुदामचं म्हणणं साधं होतं. "माह्या बापानं दीक्षा घेतली अन् गावचा ढोल नाल्यात फेकला. तो मी कायले उचलू? सरकारचं काम लोकाईले आयकू जाणं हाय ना? जाते ना आयकू?" तक्रारीचं पुढं काही झालं नाही. शिट्टी राहिली.

मी त्याला 'सुदामभाऊ' म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. तो माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा होता. आमच्या कचेरीत ते असंच चालायचं आणि मला कधी खटकलं नाही. हे आता लिहितो आहे, कारण इथून पुढं जे सांगायचं आहे ते सांगायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली, आणि सुरुवात कुठून तरी करायला हवी.

कापसाची ती वाईट वर्षं. कोणत्याही गावात गेलं तरी कुठल्या तरी घरासमोर माणसं गुपचूप बसलेली दिसायची. त्या सगळ्या मरणांचे अहवाल तलाठ्याला लिहावे लागत. सुरुवातीला एकेका अहवालाला माझी रात्रीची झोप जायची. मग सवय झाली. सवय हाताला लागते. 'सदर इसमाने राहते घरी विषारी औषध प्राशन केल्याने' हे वाक्य माझा हात मला न विचारता लिहायला लागला होता. प्राशन हा शब्द मी आयुष्यात कधी बोललो नसेन. लिहिला मात्र किती वेळा, मोजला नाही.

मग एक वर्ष असं आलं की बोंडअळी कशालाच ऐकेना आणि पराटी माणसाच्या डोक्यावर गेली. एवढ्या उंच कापसात पाठीवर पंप घेऊन शिरायचं म्हणजे फवारा झाडावर कमी आणि आपल्या तोंडावर जास्त. माणसं शेतातून डोळे चोळत यायची, ओकायची, काहींना दिसेनासं व्हायचं. आमच्या गावातला विलास त्यातलाच. तिशीचा, स्वतःचं वावर नसलेला, दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जाणारा. दोन दिवस त्यानं फवारणी केली, तिसऱ्या दिवशी त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी त्याचं प्रेत परत आणलं. त्याची बायको रंजना सातवी शिकलेली होती. दवाखान्यात तिनंच सगळ्या कागदांवर सह्या केल्या.

अहवाल संध्याकाळपर्यंत मागितला होता. त्या आठवड्यातला तो माझा चौथा. विलासच्या घरापर्यंत जायला दहा मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. खुर्चीत बसून लिहिला. आमच्यात त्याला टेबल पंचनामा म्हणतात, आणि हसत म्हणतात.

सुदाम घाटातून आला, घामानं भिजलेला. म्हणाला, "विलासचा का जी?"

"हो. अंगठा लाव."

पंचनाम्याच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: पंचांना वाचून दाखवला, बरोबर आहे. सुदामच्या बाबतीत ते वाक्य मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. त्याला प्रत्येक कागद वाचून दाखवायचो. तो डोळे मिटून उभा राहायचा, त्यामुळे दाखवावाच लागायचा. त्या दिवशीही तो टेबलासमोर उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले. मी शाईचा पॅड पुढं सरकवला. पॅडचा आवाज ऐकून त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठा लावला. साहेबाला घाई असेल, असं त्याला वाटलं असणार.

तीन आठवड्यांनी रंजना कचेरीत आली. बसली नाही. म्हणाली, "साहेब, तुमी काय लिवलं? लोकं म्हनते विलास औषध पेला. माही सासू म्हनते मीनं त्याले भांडून प्यायले लावलं. मले घरात घेऊन नाही राह्यली."

मी म्हटलं, "बघतो."

ती गेल्यावर मी कार्यालयीन प्रत काढली. प्राशन. हातानं लिहिलं होतं, माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात. फवारणीचा कुठं उल्लेख नाही. पंप नाही, शेत नाही. राहते घरी.

इथपर्यंत चूक होती. ती मी मान्य केली असती तर कदाचित एक नोटीस आली असती, एखादी वेतनवाढ थांबली असती. मी प्रत फाईलमध्ये परत लावली. तालुक्याला गेलो तेव्हा साहेबांसमोर दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा दुसरंच बोललो. कोणी मला धमकावलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

मग वरून पत्र आलं, रंजनाच्या नावानं. सुदामनं ते उचललं, समोर उभा राहिला, डोळे मिटले. "वाचा जी."

मी वाचायला लागलो. 'आपले पती यांनी विषारी औषध प्राशन केल्याचे अहवालावरून दिसून येत असल्याने, सदर प्रकरण फवारणीच्या विषबाधेचे म्हणून मदतीसाठी ग्राह्य धरता येत नाही.' तो कधी मधे बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला, डोळे मिटलेलेच ठेवून.

"प्राशन म्हंजे?"

"पिणं."

"कोन पेलं?"

मी पत्राची घडी सरळ करत राहिलो.

"अहवालावरून म्हनलं ना त्यात? तो आपला अहवाल? त्याच्यावर पंच कोन होता?"

"तू."

त्यानं डोळे उघडले. आपल्या उजव्या... नाही, डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "पुढचं वाचा. अर्धं नेता येत नाही."

मी वाचलं. पत्र घेऊन तो रंजनाच्या भावाच्या घरी गेला, तोवर ती तिथं राहायला गेली होती. त्यानं पत्र दिलं, शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं. हे मला रंजनाच्या भावाकडून नंतर कळलं. ते वाक्य असं: "याच्यावर अंगठा माह्या हाय, बाई."

माझं नाव त्यानं घेतलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी तो एक तास कुठं जायचा ते मला बरेच दिवस समजलं नाही. एका सकाळी हजेरीच्या पुस्तकावर अंगठ्याऐवजी त्यानं पेन मागितलं. जिभेचं टोक दातांत धरलं. आधी सु, मग खूप वेळानं दा, मग म. म ची उभी रेघ काढताना कागद फाटला. त्यानं मान वर करून विचारलं, "हे सही होय ना जी?"

"होय. कोणी शिकवलं?"

"रंजनानं."

मी हजेरीचं पुस्तक मिटलं. तो म्हणाला, "म्या तिले म्हनलं, बाई, तू मले शिकव. आता मेलो तरी अंगठा लावणार नाही. तं म्हने, भाऊ, आधी तुमचं नाव लिवा. मंग विलासचं. मंग तो शब्द."

बावन्न-त्रेपन्न वयाचा माणूस. तीन महिन्यांत तो पाट्या वाचायला लागला. एसटीवरच्या, दुकानावरच्या, खताच्या पोत्यावरच्या; मोठ्यानं, प्रत्येक अक्षर तोडून, पोचवल्यासारखं. फवारणीच्या रिकाम्या डब्यावरचा मजकूर त्यानं एकदा पानठेल्यासमोर उभं राहून वाचला. पोरं त्या दिवशी काही ओरडली नाहीत.

थंडीच्या दिवसांत तालुक्यानं ठरवलं की शेतकऱ्यांचं मनोबल वाढवण्यासाठी हाफ मॅरेथॉन घ्यायची. आमच्याच डोंगरात. गावातल्या शाळेच्या मैदानातून सुरू, घाट चढून वरच्या पठारावरच्या पोडापर्यंत, म्हणजे कोलामांच्या वस्तीपर्यंत, आणि तिथून वळून परत. एकवीस किलोमीटर. बोंडं किडून गेलेली, वेचायला उरला होता तो कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, आणि आम्ही शेतांच्या धुऱ्यांवर, बांधांवर रंगीत झेंडे लावत फिरत होतो.

सुदामनं फलक वाचला. "म-नो-ब-ल. म्हंजे?"

"मन घट्ट होणं."

"पळून मन घट्ट होत असतं तं माह्यं आतापर्यंत दगड झालं असतं, साहेब." मग थोडं थांबून, "अन् हे अर्धी कायले हाय? पुरी काहून नाही?"

"पुरी झेपत नाही लोकांना."

"हो, ते तं दिसूनच राह्यलं."

शर्यतीत पन्नाशीच्या वरच्यांचा वेगळा गट होता. प्रत्येक गटात पहिल्या येणाऱ्याला जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या हातून बक्षीस आणि माईकवर दोन शब्द बोलायची संधी. हे समजलं त्या दिवशी सुदामनं माझ्याकडून फॉर्म भरून घेतला. सही स्वतः केली.

आदल्या दिवशी दुपारी तो कचेरीत आला, दार लोटून घेतलं आणि शर्टाच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात वहीचा एक कागद होता.

"आज मी वाचतो, साहेब. तुमी आयका."

त्याला एवढ्या चार ओळी वाचायला पाच-सात मिनिटं लागली. 'मा. साहेब. विलास हा औषध पेला नाही. तो फवारणी करून मेला. पंच म्हनून अंगठा माझा आहे. मला वाचून दाखवला नाही. तो शब्द खोडून द्यावा. सुदाम.'

कागद नीट घडी करून त्यानं पिशवीत ठेवला. "टपालात टाकला तं तालुक्यातच राह्यते. म्या इतक्या वर्षांत पाह्यलं ना, कोनता कागद कोठं बसून राह्यते ते. मोठ्या साहेबाच्या हातात द्याचा. माईकवर वाचून द्याचा, म्हंजे सगळे आयकते. रंजनाची सासू बी येणार हाय, तिले सांगतलं म्या."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमचं नाव नाही टाकलं साहेब. तलाठी बी नाही लिवलं."

त्या उपकाराची मला भीती वाटली. नाव नव्हतं, पण 'वाचून दाखवला नाही' हे वाक्य ऐकल्यावर कोणताही साहेब पुढचा एकच प्रश्न विचारील. तो प्रश्न रात्रभर माझ्या घरात बसून होता.

शर्यतीच्या सकाळी धुकं एवढं होतं की घाटातला साग दिसत नव्हता, नुसता थेंब थेंब गळताना ऐकू येत होता. मला जीपनं वर पोडाजवळ सोडलं. वळणाची ड्युटी माझी. अर्ध्या वाटेतून कोणी परत फिरू नये म्हणून नियम केला होता: वळणावर टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि धावणाऱ्यानं आपल्या नंबरासमोर शाईचा अंगठा उठवायचा. दमलेल्या माणसाला सही करायला सांगण्यात अर्थ नाही, अंगठा लवकर होतो. ही कल्पना आमच्या नायब तहसीलदार साहेबांची. महसूल खात्यातल्या माणसालाच सुचावी अशी. आणि अंगठा नसेल तर बाद.

पहिली आली ती वणीची पोलीस भरतीची पोरं. पॅडवर अंगठा, कागदावर अंगठा, पॅंटला पुसला, गेली. मग बराच वेळ कोणी नाही. पोडातल्या बाया शेकोटीशी बसून बघत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "कोतवाल आला."

धुक्यातून तो आला. तीच घासती चाल. अनवाणी. त्याच्या गटातला दुसरा माणूस, एक निवृत्त हवालदार, चांगला अर्धा किलोमीटर मागं होता. सुदामच्या छातीशी, बनियनच्या आत, पिशवी चिकटलेली दिसत होती.

मी पॅड पुढं केला. माझा हात पुढं झाला, नेहमीसारखा.

तो थांबला. धापा टाकत होता. पॅडकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. म्हणाला, "सही चालते ना, साहेब?"

मी हे वाक्य खूप वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. मी 'नाही' म्हणू शकलो असतो. मग त्यानं काय केलं असतं, कोण जाणे. कदाचित विलाससाठी पुन्हा एकदा अंगठा लावला असता. कदाचित नसता. पण ते त्याचं त्यानं ठरवलं असतं.

मी म्हटलं, "चालते."

त्यानं पेन घेतलं. थंडीनं बोटं वळत नव्हती. जिभेचं टोक दातांत. सु. दा. त्याला घाई नव्हती असं नाही. उजवा पाय सारखा जमिनीवर आपटत होता. पण अक्षर त्याला घाईत येत नव्हतं. हवालदार आला, अंगठा मारला, आम्हा दोघांकडे बघून हसला आणि वळला. सुदामनं म पूर्ण केला, पेन टेबलावर नीट ठेवलं आणि म्हणाला, "उतारावर धरतो त्याले. तो बूट घालून आला हाय, बुटानं घाटात दम तुटते." आणि गेला. माझ्याकडे बघून एकदा हसला जाताना. माझ्यावर त्याचा विश्वास होता असं मी म्हणणार नाही. त्याला फक्त त्या दिवशी आनंद झाला होता.

त्यानं धरलं हवालदाराला. मैदानात शिरताना तो शंभरेक पावलं पुढं होता म्हणे. लोक शिट्ट्या वाजवत होते. मी रजिस्टर घेऊन जीपनं खाली पोचलो तेव्हा तो मंचाच्या बाजूला उभा होता, आणि पिशवीतला कागद हातात होता.

मंचामागच्या टेबलावर नायब साहेब नंबर जुळवत होते. बोट फिरवता फिरवता थांबले. "हे काय? इथं अंगठा कुठं आहे?"

मी रजिस्टरकडे पाहिलं. सुदाम. वेडीवाकडी, पण तीनही अक्षरं पूर्ण.

"यानं अंगठा दिला का, नाही?"

"नाही, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी रेघ मारली. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. 'मीच सही चालते म्हणालो' हे सांगायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ माझ्याकडे होता. नायब साहेब वाईट माणूस नव्हते. ऐकलं असतं त्यांनी. मंचावरून हवालदाराचं नाव पुकारलं गेलं. मोठ्या साहेबांनी त्याला ढाल दिली. माईकवर तो दोन शब्द बोलला, सकाळी लवकर उठण्याबद्दल. टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूला विलासची आई डोक्यावर पदर घेऊन बसलेली मी पाहिली. ती सगळं संपेपर्यंत बसली आणि मग उठून गेली.

सुदाम माझ्याकडे आला. मी शाईचे पॅड एकावर एक रचत होतो.

"साहेब, तुमी म्हनले होते ना, सही चालते."

"नियम आहे, सुदामभाऊ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. एकदा वाचून झाल्यावर दुसऱ्यांदा वाचायची त्याला गरज पडत नसे, हे मी वर सांगितलंच आहे.

"हो," तो म्हणाला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगून टाकतो. दुसऱ्याच दिवशी मी रजेवर गेलो, रजेतूनच खटपट करून वणीकडे बदली घेतली. सजाचा चार्ज द्यायलाही स्वतः गेलो नाही, कागद पाठवले. सुदामनं तो अर्ज पुढं तालुक्याला तीनदा दिला, असं ऐकलं. दोन पावसाळ्यांनंतर तापानं गेला. मला फोन आला होता. वणीहून दीड-दोन तासांची वाट. मी गेलो नाही. आता, इतक्या वर्षांनी, मी तालुक्याला लेखी जबाब दिला आहे: विलास औषध प्यालेला नव्हता, तो फवारणीनं मेला, पंचनामा मी जागेवर न जाता लिहिला, पंचास वाचून दाखवला नाही. पोच मिळाली आहे. शब्द खोडला गेल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही. रंजनाला जबाबाची प्रत पाठवली. तिचं उत्तर आलं नाही, आणि ते मागायचा मला हक्कही नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी. मैदान रिकामं झालं होतं. आम्ही जीपनं तालुक्याकडे निघालो, पुढं नायब साहेब, मागं झेंड्यांच्या गठ्ठ्यावर मी. गावाबाहेर रस्त्याच्या कडेनं सुदाम जात होता. पहिल्यांदाच मी त्याला चालताना पाहिलं. साधं, सगळी माणसं चालतात तसं. तळव्यांना चिरा पडलेल्या. नायब साहेबांनी जीप थांबवायला लावली. त्यांना वाईट वाटलं असावं.

"अरे कोतवाल, चांगला पळालास रे. बस मागं, सोडतो तुला. कुठं जायचं?"

सुदामनं मागं पाहिलं, मी बसलो होतो तिथं. मी झेंडे सरकवून जागा केली.

"नाही जी, व्हा तुमी पुढं. मी पायीच जातो. रंजना वाट पाहून राह्यली."

"काय काम आहे?"

"निरोप हाय एक," तो म्हणाला. "आज नाही झालं म्हनून सांगाचं हाय."

ड्रायव्हरनं गिअर टाकला.